दुसरी चूल

कानोसे काढून न्यायला आज माणूस येणार होता, म्हणून सकाळच्या भाकरी उरकल्यावर त्रिशलानं स्वयंपाकघराच्या दारावरचा कानोसा ओल्या फडक्यानं पुसून घेतला. उगाच कुणी म्हणायला नको, मगदुमांच्या घरात जळमटं असतात म्हणून. सुपारीएवढी पांढरी गोटी ती. बसवली तेव्हा पहिले काही दिवस पाठीमागं कुणी परका माणूस उभा असल्यासारखं वाटायचं, आणि भाकरी थापताना तिचा हात सारखा पदराकडं जायचा. मग सवय झाली. इतकी की गोटी तिथं आहे हेच ती विसरून गेली.

अशा गोट्या घरभर होत्या. जिन्यात, माडीवर, सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या खोलीत, मागल्या दारी. माणसांचं बोलणं त्या साठवत नसत. कोण कुठून कुठं चाललं, कुठलं दार वाजलं, पाणी कधी वाहिलं, आच कुठं पेटली, एवढाच त्या कानोसा घ्यायच्या आणि तो 'आखणी'ला पोचवायच्या.

आखणी ही घराचे नकाशे काढणारी संगणकाची आज्ञावली. पूर्वी आर्किटेक्ट विचारायचा, किती खोल्या हव्यात, आणि आपण शेजाऱ्याचं घर डोळ्यांसमोर आणून काहीतरी ठोकून द्यायचो. आखणी विचारत बसत नसे. ती घरातल्या माणसांचं वागणं उन्हाळाभर ऐकायची. मग लाखो नकाशे मनातल्या मनात मांडायची, मोडायची, आणि त्या माणसांच्या पावलांना सगळ्यात कमी अडवील असं एक घर पुढं ठेवायची. तासगावात नवी घरं आता अशीच उभी राहात होती. नकाशा पक्का झाला की छापयंत्र यायचं आणि काँक्रीटचे थरावर थर देत आठवड्याभरात भिंती उभ्या करायचं. सगळं घर एकसंध. मागाहून एक भिंत काढतो म्हटलं तरी जमायचं नाही. काय बदलायचं ते आधीच.

मगदुमांच्या जागेवर छापयंत्र उद्या सकाळी येणार होतं.

नकाशा काल आला. तिच्या नवऱ्याच्या, सुकुमारच्या फोनवर सगळे तुटून पडले. देवघर पूर्वेला, आप्पांची खोली अंगणाकडं, बेदाण्याच्या शेडवरून आलेल्यांना आत न येता पाय धुवायला बाजूला जागा. हे कुणी सांगितलं नव्हतं आणि तरी सगळं बरोबर होतं. "बघा की," धाकटा दीर भरतेश म्हणाला, "जणू आपल्याच घरात लहानाची मोठी झालीय ही आखणी!" सगळे हसले. त्रिशलाही हसली. मग तिनं बोटांनी नकाशा ताणून मोठा केला, नकाशातल्या माडीवर आली, आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. जिन्याच्या वरच्या तोंडाशी एक बारकी खोली होती. तिला नाव नव्हतं. पण पाण्याची नळी होती, गॅसची नळी होती आणि वर धुराडं होतं.



त्यांच्याकडं कुटुंब केवढं आहे ते खोल्यांवरून बघत नाहीत. सोयरीक जुळवताना लोक सरळ विचारतात, 'त्यांच्यात चुली किती?' चुली दोन झाल्या म्हणजे भाऊ वेगळे झाले, मग मधली भिंत आज उभी राहो नाहीतर चार वर्षांनी. त्यांच्याच गल्लीत चौगुल्यांच्यात तीन चुली होत्या, आणि एकमेकांच्या बारशाला आमंत्रणसुद्धा जात नव्हतं. मगदुमांच्यात एक. सासूबाई गेल्यापासून ती एक राखायचं काम त्रिशलानं केलं होतं, आणि त्याचा तिला ताठा होता, कशाला लपवायचं! नवं घर बांधायचं ठरलं तेव्हा तिनं एकच गोष्ट सांगितली होती. "खोल्या हव्या तेवढ्या काढा. चूल एकच राहील."

आणि आता हे धुराडं.

अनुजा, तिची धाकटी जाऊ, अंघोळ करून खाली आली आणि कोथिंबीर निवडायला बसली. त्रिशलानं तव्यावरचं पीठ झटकलं.

"अनुजा, जिन्यावरच्या त्या खोलीत काय करायचं गं?"

"कुठल्या, आक्का?"

"उगं नाटकं करू नकोस. धुराडं आहे तिथं. धुराडं काय देवपूजेला लागतं?"

अनुजाचा हात थांबला. चेहरा असा उतरला की त्रिशलाला दुसरा पुरावाच नको होता. "ते आखणीनं काढलंय, आक्का. मी कुठं सांगितलं कुणाला?"

"आखणी स्वतःच्या मनानं काही काढत नाही. ऐकते ती. काय ऐकलं तिनं?"

 अनुजा कोथिंबिरीची जुडी घेऊन उठली आणि मागल्या दारी निघून गेली. एरवी एका वाक्याला चार वाक्यं परत करणारी बाई! त्रिशलाचं डोकं तापलं. ती हात न धुताच बाहेरच्या खोलीत आली. सुकुमार चहा पीत बसला होता.

"तुमच्या भावाला वेगळं व्हायचंय. कळलंय का तुम्हाला?"

"कुणी सांगितलं?"

"नकाशानं. वर चूल काढलीय त्यांना."

सुकुमारनं कपात बघितलं. "असू दे की एक जादा जागा. पाहुणेरावळे आले, वरच्या वर चहा करता येतो."

"चहाला धुराडं?"

 पंचवीस वर्षांचा संसार, हा माणूस खोटं बोलायला लागला की आधी चपला शोधतो हे तिला ठाऊक होतं. आणि तो चपलाच शोधत होता.

"म्हणजे ठरलंय तुमचं," ती म्हणाली.  "वाटणी ठरलीय आणि मला तेवढं सांगायचं राहिलंय."

"तुझं आपलं काहीतरीच! कसली वाटणी?" असं म्हणत तो अर्धा चहा टाकून निघून गेला.

ती कितीतरी वेळ दारात उभी राहिली. तिची मुलगी हुबळीला शिकायला होती. तिला फोन करावा असं वाटलं, पण काय सांगणार? माझ्या घरात सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि ते मलाच ठाऊक नाही, हे पोरीला सांगायचं? तिनं फोन केला तो उर्वीला. उर्वी शिराळकर ही सांगलीची आर्किटेक्ट, आखणीला कामाला लावणारी.

"उर्वी, दुपारी ये. यंत्र यायच्या आत ती खोली निघाली पाहिजे. आणि सगळ्यांदेखत."

बेदाण्याचा हंगाम संपला होता, त्यामुळं मणेराजुरी रस्त्यावरचं शेड रिकामं होतं. बाजूलाच नव्या घराचा पाया तयार होता. उर्वीनं शेडच्या सगळ्या बाजूंचे पडदे खाली सोडायला लावले आणि छताच्या कैचीला दिवा टांगला. जमिनीवर पांढऱ्या उजेडाच्या रेषा उमटल्या. एका बाजूला घराचा खालचा मजला, दुसऱ्या बाजूला माडी, खऱ्याच्या बरोबर मापात. या रेषांच्या घरात चालत जाता येत होतं. चूल होती तिथं नारिंगी चौकोन होता. खाली एक, माडीवर एक.

आप्पांना खुर्ची दिली. ते काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. दोघे भाऊ एकीकडं उभे, अनुजा जरा लांब. त्रिशला मात्र थेट खालच्या स्वयंपाकघरात, नारिंगी चौकोनाशेजारी जाऊन उभी राहिली.

"मी आधीच सांगितलं होतं, चूल एकच," ती म्हणाली. "मग तुझ्या आखणीनं ऐकलं का नाही?"

"चूक माझी आहे, काकू," उर्वी म्हणाली. तिच्या हातात काचेची पाटी होती. "तुमचं म्हणणं मी इच्छा म्हणून घातलं. इच्छा आणि अट यांत आखणी फरक करते. इच्छेचं ती वजन करते. कानोशांनी जे ऐकलं त्याचं वजन जास्त भरलं, म्हणून तिनं दुसरी चूल काढली. अट घातली तर तिला मोडता येत नाही."

"मग घाल अट."

"घालते. पण एक सांगून ठेवते. ती नुसती खोली पुसणार नाही. एक खोली हलली की ती सगळं घर पुन्हा मांडते."

"मांडू दे. चूल एक."

"वहिनी," भरतेश म्हणाला, "कशाला उगीच? आहे त्या नकाशात काय वाईट आहे?"

"तुम्ही बोलूच नका, भावजी. तुमचं घर मी मोडू देणार नाही, तुम्ही मोडायला निघालात तरी."

उर्वीनं पाटीवर बोट टेकवलं. रेषा थरथरल्या. माडीवरची बारकी खोली आक्रसत गेली आणि मिटली. त्रिशलानं श्वास सोडला. एवढंच तर होतं! पण तेवढ्यात तिच्या पायाशी हालचाल झाली. स्वयंपाकघराची भिंत तिच्या पावलांवरून सरपटत गेली. नारिंगी चौकोन जागेवरून सुटला, जिन्यातून वर गेला आणि माडीच्या मधोमध जाऊन बसला. त्याच्या भोवती एक मोठी बैठक उलगडली. भरतेशची खोली, पोरांची खोली तिला येऊन चिकटल्या. मग अंगणाकडची आप्पांची खोली निघाली, आणि त्यांच्यासाठी लिफ्टची जागा सोडून तीही वर गेली. खाली उरलं देवघर, आणि त्याला लागून एक लहान चौकोन. निजायची खोली. त्रिशला त्या चौकोनात उभी होती.



"चूल वर कशी गेली?" तिनं विचारलं.

"एकच ठेवायची तर कुठं ठेवायची, हे आखणीनं ठरवलं," उर्वी जपून बोलत होती. "ती चूल तिथं ठेवते, जिथं घरातली माणसं जमतात."

"आमची माणसं खाली जमतात. माझ्या स्वयंपाकघरात."

"सूर्य मावळायच्या आत, हो."

आता इथं सांगायला हवं की मगदुमांच्यात रात्री जेवत नसत. जैनांचं घर, सूर्य मावळला की चूल थंड. त्रिशला लग्न होऊन आली तेव्हा आप्पांनीच तिला नेम दिला होता. 'सूनबाई, जमेल का?' 'जमेल,' ती म्हणाली होती, आणि तिनं तो जमवला. आधी सासऱ्याच्या शब्दासाठी. मग तिचं तिलाच त्यात बरं वाटायला लागलं. दिवस मावळता मावळता भांडी घासून, ओटा पुसून ती मंदिरात जायची, प्रवचन ऐकायची, परत येऊन निजायची. पोट हलकं, डोकं शांत. सगळं घर आपल्यासारखंच शांत निजतं, असं ती धरून चालली होती. सुकुमार उशिरा निजायला यायचा तो शेडवरून, असंही.

"आणि सूर्य मावळल्यावर?" तिनं विचारलं.

उर्वीनं पाटी छातीशी धरली. "काकू, कोण कुठं जातं त्याची नावं मी सांगत नाही. आमचा तसा नियम आहे."

"नावं कोण मागतंय? पावलं दाखव."

"सगळ्यांची हरकत नसेल तरच."

"त्रिशला, घरी जाऊन बोलू," सुकुमार म्हणाला. "इथं परक्यांदेखत नको."

"परकी कोण, ही? उन्हाळाभर आपल्या भिंतीला कान लावून होती ती. परकी मीच दिसतेय."

 अनुजाचे डोळे भरून आले होते. शेवटी आप्पांनी काठी जमिनीवर टेकली.

"दाखव, बाळ," ते उर्वीला म्हणाले. "सगळं दाखव."

रेषा पुसल्या गेल्या आणि जमिनीवर त्यांचं राहतं घर उमटलं. वेळ संध्याकाळची. पावलं म्हणजे उजेडाचे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याबरोबर त्या पावलाचा आवाज. त्रिशलाला तिची स्वतःची पावलं ऐकू आली. स्वयंपाकघर, देवघर, पुढचं दार. दार लागलं. ती मंदिरात गेली.

मग जिना वाजला. एकदम दोन पायऱ्या गाळत चढणारी बारकी पावलं. अनुजाची पोरं, क्लासवरून आलेली. माडीवर अनुजाच्या जोडव्यांची टिकटिक, तीही तिला ओळखता आली. रबरी स्लीपर घासत चालणारा भरतेश. अनुजाच्या खोलीत लालसर ठिपका पेटला. आच.

"तू वर शेगडी ठेवलीस," त्रिशला म्हणाली.

"पोरं भुकेलेली येतात हो, आक्का!" अनुजाला रडू फुटलं. "आधी नुसतं दूध तापवत होते. मग उप्पीट, कधी थालीपीठ. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. कानोशावर मी ओढणीसुद्धा टाकत होते."

ओढणीनं काय होणार होतं? भरतेशला नको त्या वेळी हसू आलं आणि त्यानं ते खोकून घालवलं. त्रिशलाला राग आला, पण त्याच्या आत कुठंतरी सुटल्यासारखंही झालं. एवढंच होतं तर! वाटणी नव्हती. पोरांची भूक होती. ती तोंड उघडणार तेवढ्यात जिना पुन्हा वाजला.

जड पावलं. अर्ध्या जिन्यात थांबलेली, गुडघा दुखतो म्हणून. मग पुन्हा चढलेली. तिनं वळूनही बघितलं नाही. ती पावलं पंचवीस वर्षं तिच्या शेजारी चालत आलेली.

"वास यायचा," मागून सुकुमार म्हणाला. "एक दिवस गेलो बघायला, काय चाललंय म्हणून. मग जातच राहिलो."

आणि मग एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि ठक. एक पाऊल, दुसरं पाऊल, ठक. सावकाश, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दम खात. त्रिशलाचा हात तोंडावर गेला.

"आप्पा?"

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. "डॉक्टर म्हणाले, रात्री पोट रिकामं ठेवायचं नाही, साखर उतरते. मीच तुला नेम दिलेला, पोरी. कुठल्या तोंडानं तुला सांगणार होतो?"

जमिनीवर माडीतले ठिपके लालसर आचेभोवती गोळा झाले होते. मोठे, बारके, सगळे. मधूनच एखादा उठायचा, पाणी घ्यायचा, पुन्हा येऊन बसायचा. किती निवांत बसले होते! बोलणं ऐकू येत नव्हतं, पण हसणं त्या बसण्यात दिसत होतं. मग पुढचं दार वाजलं. त्रिशलाची पावलं परत आली. आणि वरचे सगळे ठिपके एकाच वेळी जागच्या जागी थिजले. आच विझली. तिची पावलं पुढच्या दारातून देवघराकडं गेली, देवघरातून निजायच्या खोलीत गेली, आणि तोवर माडीवर एकही पाऊल उचललं गेलं नाही. लहान पोरांचंसुद्धा नाही.

उर्वीनं पुढची संध्याकाळ लावली. तेच. त्याच्या पुढची. तेच.

"बंद कर," त्रिशला म्हणाली.

नवा नकाशा परत आला. ती अजून त्याच लहान चौकोनात उभी होती. तिला घर फुटायची भीती होती, आणि कोण फुटून निघणार याचा तिनं रात्रभर विचार केला होता. भरतेश की अनुजा. फुटून निघालेली ती स्वतःच होती. तिला कुणी घालवलंही नव्हतं. तिच्या मनाला लागू नये म्हणून सगळ्यांनी मिळून, अगदी जिवापाड जपून, तिला खाली एकटी सोडलं होतं. कुणावर चिडायचं? आणि तरी ती चिडली.

"तुम्ही जेवलात त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "पोरं भुकेली राहावीत असं मी म्हणेन? आप्पांची साखर उतरावी असं मी म्हणेन? तुम्हा सगळ्यांना मी एवढी कडक वाटते?"

"तसं नाही, वहिनी."

"मग कसं? मी वर आले की तुमच्या घशात घास अडकेल, हे कुणी ठरवलं? मला विचारलं कधी?" तिनं माडीच्या रेषांकडं बोट केलं. "मी जेवले नसते. माझा नेम माझ्यापाशी. पण बसले असते की तुमच्यात! पोरांना वाढलं असतं. आप्पांना जिना चढताना हात दिला असता."

सुकुमार पुढं आला, पण रेषेशी अडल्यासारखा थांबला. खरं तर ती नुसती उजेडाची रेषा होती.

उर्वी हळूच म्हणाली, "काकू, मला आज काहीतरी ठरवावं लागेल. पहिला नकाशा ठेवू? दोन चुलींचा? की हा?"

"दोन्ही नकोत. नवी अट घाल."

"कुठली?"

त्रिशलानं डोळे पुसले. "चूल कुठंही जाऊ दे. वर गेली तर वर. पण जेवणाऱ्यांच्यात न जेवणारीला बसायला जागा हवी. तुझी आखणी उन्हाळाभर जे घडलं तेवढंच ऐकत बसली. जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही, ते तिला ऐकू येतं का?"

"नाही येत," उर्वी म्हणाली. "पण सांगून बघते."

तिनं अट घातली. रेषा थरथरल्या आणि हलायच्या ऐवजी थांबल्या. माडीवरची बैठक अर्धवट उघडून तशीच राहिली. शेडच्या जमिनीवर अक्षरं उमटली. ही व्यक्ती संध्याकाळी माडीवर गेल्याची नोंद नाही. पुढं जाईल का?

"तिला खरं उत्तर द्या," उर्वी म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात आणि गेला नाहीत, तर घरातली सगळ्यात मोठी जागा रोज रिकामी राहील. छापलेली भिंत मला मागाहून सरकवता येणार नाही."

त्रिशलानं विचार केला. खरंच केला. मंदिरातून परत येताना पाय आपोआप निजायच्या खोलीकडं वळायचे. माडीवर हसणं चाललेलं असताना जिना चढायचा. तिच्या येण्यानं ते हसणं थांबलं, तर त्या थांबण्याकडं न बघता बसून राहायचं. अनुजा ताट लपवायला धडपडली, तर तिचा हात धरायचा. हे सोपं नव्हतं. भाकरी थापण्याइतकं तर मुळीच नाही.

"जाईन," ती म्हणाली.

रेषा जाग्या झाल्या. तिच्या चौकोनाची एक बाजू उघडली आणि जिना सरकत तिच्या दाराकडं यायला लागला. सुकुमारनं श्वास सोडलेला तिला ऐकू आला. पण जिना तिच्यापर्यंत पोचलाच नाही. हातभर अंतरावर तो पुन्हा थबकला, आणि नवी अक्षरं उमटली.

उर्वीनं ती मनातल्या मनात वाचली.

"काय म्हणतेय ती?" आप्पांनी विचारलं. त्यांना अक्षरं दिसत नव्हती.

"जिन्याचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं ते विचारतेय," उर्वी म्हणाली. "वरून हाक आली तर ती काकूंच्या खोलीत नीट ऐकू जायला हवी, असं तिचं म्हणणं आहे. आणि त्यासाठी तिला कळायला हवं की हाक कुणाच्या खोलीतून येणार."

भरतेशनं मोठ्या भावाकडं बघितलं. मोठ्या भावानं आप्पांकडं. अनुजानं जिन्याच्या रेषांकडं. त्रिशला आपल्या जागेवरून हलली नाही. तिनं तिचं उत्तर दिलं होतं. आता ती एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. बाहेर रस्त्यावर छापयंत्राचा अवजड ट्रक आदल्या दिवशीच येऊन थांबला आणि कुणीतरी मगदुमांची जागा हीच का म्हणून ओरडून विचारलं, पण शेडमधल्या कुणालाही उत्तर द्यायला जाता आलं नाही, कारण उर्वीनं जमिनीवरचा प्रश्न आता मोठ्यानं वाचला होता.

"हाक मारणार कोण?"